वळणदार अक्षराची बाई

"लिही," भिंगराव म्हणाले. "'जगात अक्षरं वाचणारे पुष्कळ आहेत. अक्षरामागचा माणूस वाचणारा एकच. कागदावर शाईचा नुसता ठिपका दाखवा. तो पाडणारा पुरुष की स्त्री, वय काय, सकाळचा चहा वेळेवर मिळाला होता की नाही, हे तो उभ्या उभ्या सांगेल. त्याच्या भिंगापुढे भल्याभल्यांनी माना टाकल्या आहेत.' झालं लिहून?"

"झालं," मेहुणा म्हणाला. "पण भाऊजी, माना टाकल्या म्हणजे ते मेले."

"मग मेले असतील. पुढे लिही."

मेहुण्याने पुढे लिहिलं. गेली अकरा वर्षं तो पुढेच लिहीत होता. भिंगरावांनी टपाल खात्यात तीस वर्षं न पोचणाऱ्या पत्रांच्या टेबलावर काढली होती. पत्ता न लागणारी पत्रं तिथे येत, आणि भिंगरावांच्या हाताखालून गेल्यावर तर त्यांचा अजिबातच पत्ता लागत नसे. निवृत्त होताना खात्याने एक भिंग भेट दिलं. खात्याने ते सुटकेच्या आनंदात दिलं होतं. भिंगरावांनी ती दीक्षा समजून घेतली. घराच्या पुढच्या खोलीत टेबल पडलं, दारावर 'हस्ताक्षरतज्ज्ञ व गुप्त तपासनीस' अशी पाटी लागली, आणि तपास इतका गुप्त राहिला की वर्षाला दोनपेक्षा जास्त माणसांना त्याचा सुगावा लागला नाही.

मेहुणा म्हणजे ताईचा, भिंगरावांच्या बायकोचा, धाकटा भाऊ. वय बासष्ट, लग्न नाही, छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्याने पोट भरलं, पण कोणाच्या तोंडावर एक चूक सांगितली असेल तर शपथ. रस्त्यात कोणी पायावर पाय दिला तर हाच 'माफ करा' म्हणायचा, आणि घरी येऊन आपला पाय तिथे कशाला होता याचा विचार करत बसायचा.

त्या सकाळी माना टाकलेल्यांची यादी चालू असतानाच दार वाजलं आणि वाचनालयाचे अध्यक्ष आत आले. काखेत एक जाड वही होती. जखमी पाखरू ठेवावं तशी त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"सूचनावही," ते म्हणाले. "वाचकांच्या सूचनांसाठी. माझ्याच हस्ते हिचं उद्घाटन झालं होतं. शेवटचं पान उघडा."

भिंगरावांनी पान उघडलं. मेहुण्याला ते बघायची गरज नव्हती, पण त्याने बघितलं. तिथे गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'अध्यक्षांच्या आत्मचरित्राच्या चाळीस प्रती आणल्यामुळे शब्दकोश माळ्यावर गेले आहेत. हे आत्मचरित्र आजवर एकानेही घरी नेलेले नाही. एक प्रत ठेवून बाकीची जागा शब्दकोशांना द्यावी. ती एक प्रतही ठेवलीच पाहिजे असे नाही.'

"शेवटचं वाक्य वाचलंत?" अध्यक्षांनी त्यावर बोट ठेवलं. "पहिली तीन वाक्यं मी सहन केली. खाली सहीसुद्धा नाही."

"शत्रू बाहेरचा की घरचा?"

"घरचा. हे सूचीचं अक्षर आहे." अध्यक्षांनी समजावून सांगितलं. वाचनालयात पुस्तकांची सूची कार्डांवर होती, आणि सगळी कार्डं एकाच वळणाची हवीत, वाचकाचा डोळा कुठे अडखळता कामा नये, असा जुना दंडक होता. भिंतीवर चौकटीत एक कित्ता टांगलेला होता. नव्या माणसाने तीन महिने तो गिरवायचा, मगच कार्डाला हात लावायचा. "हे अक्षर येणारी माझ्या नोकरीतली माणसं दोनच. सूचीवाल्या बाई आणि देवघेवीच्या खिडकीवरचे काका. एक स्त्री, एक पुरुष. तुम्ही एवढंच सांगा, हे अक्षर बाईचं की पुरुषाचं? सोमवारी त्या माणसाला मी घरचा रस्ता दाखवतो."

"एवढंच?" भिंगराव खुर्चीत मागे रेलले. "एवढ्यासाठी स्वतः कशाला आलात? माणूस पाठवायचा."

"पाठवला असता. पण त्यानेच लिहिलं असलं तर?"

मेहुण्याच्या हातातलं पेन वहीवर आडवं झालं. कारण ती सूचना त्याने लिहिली होती.

दर शनिवारी तो सूचीवाल्या बाईंच्या टेबलाशी बसून फाटकी कार्डं नव्याने लिहून द्यायचा. हौस म्हणून. त्यासाठी त्यानेही भिंतीवरचा कित्ता गिरवला होता, आणि आता त्याच्या हाताला दुसरं वळण उरलंच नव्हतं. शब्दकोश माळ्यावर गेले तेव्हा त्याला घरातली वडीलधारी माणसं अडगळीत टाकल्यासारखं वाटलं. गुरुवारी दुपारी आयुष्यात पहिल्यांदा त्याला धैर्य आलं. ते चार वाक्यं पुरलं. सहीपर्यंत संपलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "मला जरा एक—"

"श्श. तपास सुरू असताना लेखनिकाने बोलायचं नसतं. लिही: 'अक्षर गोल, ठळक, बेडर. लिहिणाऱ्याच्या मनात दया नाही.'"

मेहुण्याने तेही लिहून घेतलं. नीट उतरलंय की नाही हे पाहण्यासाठी भिंगरावांनी त्याच्या वहीवरून भिंग फिरवलं, तेच पुढे सरकवत सूचनावहीवर नेलं, आणि मध्ये कुठेही त्यांचा डोळा अडखळला नाही. दंडक करणाऱ्याच्या कष्टांचं चीज झालं.

दुसऱ्या दिवशी तपास वाचनालयात गेला. सूचीवाल्या बाई पन्नाशीच्या, दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं कात्रीसारखं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि पगार हा एकच. खिडकीवरच्या काकांची नोकरी दोन वर्षं उरली होती. दोघांना तीच चार वाक्यं लिहायला सांगितली. दोघांनी लिहिली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच साच्यातून काढल्यासारखे. भिंगरावांनी ते खालीवर केले, आणि कोणता कोणाचा हे पुन्हा विचारावं लागलं.

"मी बाईंकडूनच शिकलो, साहेब," काका अपराध्यासारखे म्हणाले. "तीन महिने माझ्याकडून 'क' गिरवून घेतला. आता स्वप्नातसुद्धा असंच येतं."

"चांगलं येतं," बाई म्हणाल्या. "आधी मांजर शाईत पाय बुडवून चालल्यासारखं यायचं."

"शांतता!" भिंगराव म्हणाले. "आता शास्त्र बोलेल." शास्त्र असं होतं: काना ताठ असेल तर पुरुष. किंचित वाकला तर स्त्री. पूर्ण वाकला तर सरकारी नोकर. शब्दावरची रेघ एका फटक्यात मारलेली असेल तर पुरुष. दर अक्षराला वेगळी असेल तर स्त्री. रेघ मारलीच नसेल तर डॉक्टर. सूचनावहीतला काना ताठ होता, म्हणजे पुरुष. काका पांढरेफटक पडले. पण उकाराचं पोट गोल होतं, म्हणजे स्त्री. काकांनी श्वास सोडला. दुपारपर्यंत भिंगरावांनी निष्कर्ष काढला की हे उघडउघड पुरुषाने स्त्रीच्या अक्षरात लिहिलेलं आहे. संध्याकाळी तो बदलला.

"पुरुष स्त्रीच्या अक्षरात जसं लिहील, तसं एका स्त्रीने मुद्दाम लिहिलं आहे."

"म्हणजे स्त्रीने स्त्रीसारखं लिहिलं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला शास्त्र कळत नाही."

"कळत नाही हे खरं," बाई म्हणाल्या, आणि कार्डं लावू लागल्या.

अध्यक्षांना जरा शंका आली. त्यांनी वाचनकक्षातल्या आठ वाचकांकडून एकेक ओळ लिहून घेतली आणि बाई की पुरुष ते ओळखायला सांगितलं. तालमीतल्या पहिलवानाचं अक्षर मोत्यासारखं होतं. भिंगराव म्हणाले, 'नवविवाहिता.' दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या ओळीला ते 'संतापी म्हातारा' म्हणाले, आणि डॉक्टरीणबाई खरंच संतापल्या. आठांपैकी सात चुकले. आठव्याने ओळीखाली नाव लिहिलं होतं.

"सात!" अध्यक्ष म्हणाले.

"नुसता अंदाज असता तर चार चुकले असते," भिंगराव शांतपणे म्हणाले. "सात चुकायला पद्धत लागते. पद्धत अचूक आहे, फक्त उलटी बसली आहे. आज रात्रीत सुलटी करतो."

मेहुण्याने ते लिहून घेतलं. मग सगळे गेल्यावर तो बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. बाई सूचीचे खण एकेक काढून आवरत होत्या. प्रत्येक खणात एक चिठ्ठी ठेवत होत्या, कुठली कार्डं कुठे आहेत याची. नव्या येणाऱ्या माणसाला अडचण नको म्हणून. हे त्याने पाहिलं.

"बाई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

बाईंनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "सांगा."

"ते... या कार्डावरचा क्रमांक चुकलाय."

बाईंनी कार्ड पाहिलं. "चुकला नाही."

"हो. नाही चुकला."

"आणखी काही?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि जरा वेळ त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचा खण ओढला. मेहुणा घरी आला तो स्वतःला शिव्या देत. पण शिव्या देण्याचीही त्याला सवय नव्हती. 'मूर्ख'च्या पुढे गाडी जाईना.

सोमवारी सभेच्या खोलीत सगळे जमले. टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष, समोर बाई आणि काका, मधे भिंगराव उभे, कोपऱ्यात वही घेऊन मेहुणा. अध्यक्षांनी बडतर्फीचं पत्र तयारच आणलं होतं. वर 'श्री./श्रीमती' असं छापलेलं, पुढे नावाची जागा मोकळी. दोहोंतलं एक खोडायचं एवढंच काम बाकी होतं, आणि त्यासाठी पेनाचं टोपण काढून ते बसले होते.

"सभ्य स्त्री-पुरुषहो," भिंगरावांनी सुरुवात केली. खोलीत स्त्री एकच होती, आणि तिचा निकाल लागायचा होता. "रविवारभर मी विचार केला. चूक माझी नव्हती, कित्त्याची होती. शिकवलेल्या अक्षरात माणूस लपतो. तो पकडायचा तर हवा अस्सल नमुना. निखळ, नैसर्गिक स्त्री-अक्षर, न शिकवलेलं, स्वयंपाकघरात सहज लिहिलेलं. असा नमुना जगात शोधूनही मिळणार नाही. माझ्या घरी तो फळीवर, चहाच्या डब्याखाली होता." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून फडकवला. "माझ्या पत्नीची किराण्याची यादी!"

मेहुण्याने कपाळाला हात लावला.

"बघा. हा यादीतल्या 'साबण'मधला 'स', हा सूचनेतल्या 'सहज'मधला 'स'."

"सूचनेत 'सहज' नाहीये," बाई म्हणाल्या.

"असता तर असाच असता! हा काडेपेटीतला 'क', हा शब्दकोशातला 'क'. उकाराचं पोट तेच, कान्याचा तोल तोच. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के!"

"दोन टक्के का सोडले?" अध्यक्षांनी विचारलं.

"शास्त्राला नम्रता शोभते. थोडक्यात, हे लिहिणारा हात स्त्रीचा आहे. दोन संशयितांत स्त्री एकच. माझं काम संपलं."

काकांनी मान खाली घातली; सुटल्याचा आनंद तोंडावर दिसू नये म्हणून. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. त्यांचा हात शांत होता, पण काच पुसून झाल्यावरही त्या पुसत राहिल्या होत्या. अध्यक्षांनी पेन टेकवलं आणि 'श्री.' या अक्षरावरून सावकाश रेघ ओढली. कागदावर निब खरखरली.

मेहुणा उभा राहिला. इतक्या झटक्यात, की मागे खुर्ची आडवी झाली.

"मी लिहिलं," तो म्हणाला.

काकांनी मान वर केली.

"ती सूचना. गुरुवारी. मीच लिहिली. यांचा काही संबंध नाही."

"बस खाली," भिंगराव प्रेमाने म्हणाले. "साहेब, मनावर घेऊ नका. हा असाच आहे. दुसऱ्याचं दुःख बघवत नाही त्याला. लहानपणी शेजारच्या मुलाने काच फोडली तर हा मार खाऊन यायचा."

"पण मी खरंच—"

अध्यक्षांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही स्त्री आहात का?"

"नाही."

"मग ते कसं शक्य आहे? आत्ताच सिद्ध झालंय."

आयुष्यात एकदा माणसाने गुन्हा कबूल करावा आणि तोही पुराव्याअभावी फेटाळला जावा! अध्यक्ष मोकळ्या जागेत बाईंचं नाव लिहायला वाकले, आणि दाराशी पिशवी आपटल्याचा आवाज आला.

"माझी यादी कोणी उचलली?" ताई विचारत होती. "सगळं घर पालथं घातलं. दुकानदार म्हणतो, सामान कुठलं काढू, तर मला काही आठवेना. ती काय, ती! तुमच्या हातात!"

"अगं, ही यादी आता पुरावा आहे," भिंगराव म्हणाले. "तुझं अक्षर आज इतिहासात गेलं."

"माझं अक्षर?" ताईने यादी ओढून घेतली. "माझं अक्षर तुम्ही बघितलंय कधी? लग्नानंतर माहेरी गेले होते तेव्हा दोन पत्रं घातली होती तुम्हाला. दोन्ही तुमच्याच टेबलावर गेली, आणि तुम्ही 'वाचता येत नाही' असा शिक्का मारून परत पाठवलीत! तेव्हापासून मी हातात पेन धरलं नाही. मी चुलीपाशी उभी राहून सांगते, हा लिहितो." तिने भावाकडे बोट दाखवलं. "अकरा वर्षं! का रे, सांगत का नाहीस?"

"तेच सांगत होतो," मेहुणा म्हणाला.

भिंगरावांनी भिंग यादीवर धरलं, मग सूचनावहीवर, मग मेहुण्याच्या कोपऱ्यातल्या वहीवर. पहिल्यांदाच ते अडखळलं. भिंगराव आडवी पडलेली खुर्ची सरळ करून तिच्यावर बसले.

"मीही बघितलं होतं," सूचीवाल्या बाई म्हणाल्या. "गुरुवारी, साडेचारला. त्या खिडकीपाशी. पाच वेळा टोपण काढलं, चार वेळा परत लावलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" अध्यक्ष ओरडले. "तुमची नोकरी जात होती!"

"मला विचारलंत कुठे? तुम्ही 'लिहा' म्हणालात, मी लिहिलं." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. आवाज जरा खाली आला. "आणि ज्याचं त्यानेच सांगितलेलं बरं असतं. पण फार उशीर केलात हो. चाळीस खण आवरून झाले माझे."

मेहुण्याने मान हलवली.

अध्यक्ष आता लालेलाल झाले होते. पत्र बाजूला सारून ते मेहुण्यापुढे येऊन उभे राहिले. "म्हणजे तुम्ही! एकानेही वाचलं नाही म्हणता? काय अधिकार तुम्हाला?"

"वाचलं नाही असं नाही लिहिलं मी," मेहुणा म्हणाला. "घरी नेलं नाही, असं लिहिलंय. ते देवघेवीच्या नोंदीत आहे. वाचलं एकाने. मी. इथेच बसून."

"किती?"

"सगळं. दोनदा."

अध्यक्ष उभे होते तिथेच थांबले. रागाला पुढची पायरी सापडेना तसं त्यांच्या चेहऱ्याचं झालं. "पाचशे बारा पानं?"

"पाचशे चौदा. मागे शुद्धिपत्र आहे."

अध्यक्षांनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि ते बसले. मग इतर कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि मेहुण्याला ती दिसलीही. पण आज एकदा खुर्ची पडली होतीच.

"लांब आहे," तो म्हणाला. "पहिली चारशे पानं तुम्ही कोणाकोणाला भेटलात याची आहेत, आणि त्या माणसांना तुम्ही भेटल्याचं आठवत असेल असं वाटत नाही. पण तुमच्या आईला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही शाळेतून आलात की ती तुमची वही उघडून तुमच्या अक्षरांवरून नुसता हात फिरवायची, ते दीड पान... ते मी दोनदा नाही वाचलं. कितीदा वाचलं ते मोजलं नाही."

खिडकीवरच्या काकांनी घसा खाकरला. ताईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या मुलाला प्रत दिली होती," अध्यक्ष म्हणाले. "म्हणाला, मुखपृष्ठ छान आहे." त्यांनी बडतर्फीच्या पत्राची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि तिकिटाएवढी झाल्यावर खिशात टाकली. मग एकदम अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "बाई, शब्दकोश आजच्या आज खाली घ्या. चाळीसांतली एकच प्रत ठेवायची."

"ती तरी ठेवायची ना?" बाईंनी विचारलं.

"ठेवा."

"कोणती ठेवू?"

अध्यक्षांनी मेहुण्याकडे बघितलं. "यांनी वाचलेली."

सगळे वाचनकक्षात गेले. फळीवर चाळीस प्रती एकाला एक खेटून उभ्या होत्या, सगळ्यांच्या पाठी सारख्याच चकचकीत. भिंगराव पुढे झाले. "मागे सरा, हे माझं काम आहे," ते म्हणाले, आणि एकेका पाठीवरून भिंग फिरवत शेवटी बाराव्या प्रतीवर थांबले. "ही. नि:संशय. अंगठ्याचा ठसा पुरुषी आहे."

बाराव्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. बाईंनी भिंगरावांच्या कोपराखालून हात घातला, टोकाची एक प्रत काढली आणि टेबलावर उताणी ठेवली. पुस्तक आपोआप उघडलं, आणि उघडं राहिलं. अध्यक्षांनी वाकून पान पाहिलं. मग चष्मा न लावताच त्या ओळींवरून हात फिरवला.